डोळे आखलेली गाडी

रामवाडीतले आमचे शेजारी रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आले, की थेट जुन्या अँबेसिडर गाडीची हातभर लांबीची प्रतिकृती जोडायला बसतात. दारात खरी स्कूटर गंजतेय, पण मॉडेलचे आरसे कापसाच्या काडीने पुसतात. कोणी जवळ वाकलं, की ओरडतात, "हात नाय लावायचा!"

श्रावणात त्यांनी ती रंगवायला गणपतीच्या कारखान्यात दिली. तिथल्या मूर्तींचे डोळे आखणाऱ्या कारागिराने सवयीने हेडलाइटमध्येही डोळे आखले, पापण्यांसकट. मला वाटलं, आता भांडण होणार. शेजाऱ्यांनी गाडी देव्हाऱ्यात ठेवली.

परवा तिचं चाक निखळलं. "बसवा की," मी म्हटलं.

"डोळे उघडलेत तिचे. आता पक्कड कशी लावू?"

वहिनी आतून म्हणाल्या, "मग त्या स्कूटरचेपण आखून आणा. रोज पुसाल तरी."