कळसचं मोहोळ आणि आजोबांची घोंगडी

नव्वदच्या दशकात एकदा मामांचं कार्ड आलं. 'लिंबाच्या ढोलीत यंदा मोहोळ बसलंय. रस्ता रुंद करायला झाड शुक्रवारी तोडणार. पेटी घेऊन ये.' मधमाश्या पाळायचा पाच दिवसांचा वर्ग केल्याचं मी उगाच सगळ्यांना सांगितलं होतं. मोहोळ हलवताना मी एकदाच पाहिलं होतं, तेही दुरून. तरी निघाले. माश्यांवाचून मामांच्या कलिंगडाची फुलं दोन हंगाम गळत होती. यंदाही फळ धरलं नाही, तर ते वेल उपटून ऊस लावणार होते.

स्वारगेटहून बारामती, तिथून इंदापूर गाडीनं कळस, मामांचं गाव. पेटी मांडीवर असेल तर मागची सीट टाळा. बारामती स्टँडवर मिसळ खा, रस्सा मागाल तितका देतात.

"काय हाय पेटीत?" कंडक्टरनं विचारलं.

"रिकामी आहे. कळसला माश्या भरायच्यात."

"मग आज लगेज न्हाय. भरल्यावर दुसरी गाडी बघा."

मामांकडे मला बसायला पोतं मिळालं. संध्याकाळी धूर देऊन ढोलीतली पोळी एकेक कापली आणि केळीच्या सोपटानं पेटीच्या चौकटींना बांधली. शेवटी राणी सापडली. तिला आत सोडून दाराला जाळी लावली आणि पेटी कलिंगडाच्या बांधावर नेऊन ठेवली. बाकीच्या ये-जा करतील, ती आतच राहील.

सकाळी पाहते तर माश्या पेटीबाहेर घोसानं लटकलेल्या आणि पेटीवर आजोबांची घोंगडी. घरात मेंढरं होती तेव्हाची. ती फक्त मानाच्या पाहुण्यालाच अंथरत. मामांचा ओठ एका बाजूनं सुजला होता.

"नवी पाव्हणी हाईत. गारठा लागंल म्हणून घातली," मामा म्हणाले.

"त्यांना लोकरीचा वास सोसत नाही, मामा. जनावर आलं असं वाटतं."

"आमी जनावरांतच वाढलो. त्यांचं बी चुकलं न्हाय."

मी दोन डंख खाऊन घोंगडी काढली. मग आम्ही बांधावर बसून राहिलो. मामांनी उसाच्या बेण्याचा विषय काढला तेव्हा मला फार वाईट वाटलं. दुपारी मामी म्हणाली, "चालल्या बघा आत." शुक्रवारी लिंब पडला, माश्या पेटीतच होत्या.

निघताना मामांनी घोंगडी माझ्या पिशवीत कोंबली.

"अहो, आजोबांची आहे ती."

"व्हय. पर हितं ऱ्हायली तर मी पांघरणार आन् तसाच पेटीकडं जाणार. तू ने."

दीड महिन्यानं एका ओळीचं कार्ड आलं. 'कलिंगड धरलं.' ते वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

आता मामा नाहीत. पेटी मामी बघते, माश्या आहेत. घोंगडी मी थंडीत पांघरते, अजून मेंढरांचा वास येतो. कळसला जाताना तेवढी घरी ठेवते.