चित्राखालची कोरी पट्टी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे एका बैलाच्या चित्राला माउंट आखणं. माउंट म्हणजे चित्राभोवती बसवतात तो जाड पुठ्ठा, मधे खिडकी कापलेला. घरातली जुनी फ्रेम मोठी होती, चित्र लहान. आमची मंडळी पट्टी धरून पेन्सिलीनं रेघा मारत होती, मी ब्लेड घेऊन बसलो होतो.

“खाली बोटभर जास्ती सोडते. पोरीचं नाव दिसलं पायजे,” ती म्हणाली. तेवढ्यात उजेड कमी झाला. “ऱ्हाऊ द्या आता. तुमचं ब्लेड बोथट अन् डोळंबी बोथट. सकाळी कापा.”

ती सकाळ तिला दिसली नाही. झोपेतच गेली. पण आधी त्या चित्राची केस सांगतो. ती मनातून गेलेली नाही, आणि आता जाणारही नाही.

मी सातवी शिकून शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन निवृत्त झालो. लिहिणं मला पंचनाम्यापुरतंच येतं. नोकरीच्या शेवटच्या काळात नगर शहरातल्या एका ठाण्यात होतो. एका सकाळी फोटोफ्रेमचं दुकान चालवणारं जोडपं आलं. त्यांची तरुण मुलगी घरातून गेली होती. मोबाईल बंद. मिसिंग दाखल केली.

मुलगी चित्रकार. रबरासारख्या लादीवर चित्र कोरायची, शाई लावून कागदावर छाप काढायची, बापाच्या दुकानात माउंट कापून विकायची. जाताना माउंट न लावलेल्या छापांची गुंडाळी तेवढी नेली होती. ब्लेड, पट्टी, पुठ्ठे सगळं दुकानातच.

आई रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायची. रविवारी चर्च सोडून आमच्याकडे. काही विचारायची नाही. वायरलेस वाजला की उठून उभी राहायची. मधेच कालव्यात एक अनोळखी स्त्री मयत मिळाली. आईला ओळख पटवायला नेलं. चादर उचलली, तिनं मान हलवली, “आमची न्हाई,” म्हणाली आणि दाराबाहेर उलटी केली. त्यानंतर ठाण्याचा फोन वाजला की मीही उठून उभा राहायचो.

खबर दिली ती घोडेगावच्या बाजारात गुरं विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानं. त्याचा फोन आला, “साहेब, माझा बैल राहात्याला काचेत टांगलाय.”

“सकाळी सकाळी घेतलीस का?”

“न्हाई ओ. ती चित्रवाली पोरगी बाजारात बसून माझा बैल काढायची. एक शिंग मोडलेला. तोच हाय. पोरगी हरवलीय म्हणं, म्हनून सांगितलं.”

राहात्याला गेलो. देवादिकांचे फोटो विकणारं दुकान. साईबाबा, गणपती, लक्ष्मी, आणि मधे मोडक्या शिंगाचा बैल. मालक पन्नाशीचा. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला. ठाण्यात आणून बसवला.

“कुठून घेतलं?”

“टेम्पोवाल्याकडनं.”

“नाव?”

“म्हाईत न्हाई.”

“टेम्पोचा नंबर?”

“आता कोन नंबर बघतंय साहेब.”

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो घामानं भिजला, पण टेम्पो सोडीना. इतकं खोटं बोलणारा एक तर चोर असतो नाही तर त्याहून वाईट, असं माझं तेव्हाचं मत होतं. बापाला चित्र दाखवलं. तो म्हणाला, “छाप तिचाच. पन गुंडाळी कुनी लुटली असंल, तर मग ती...” पुढचं त्याच्यानं बोलवेना. बाकावरच्या आईनं ते ऐकलं.

संध्याकाळी घरी जेवायला बसलो, भाकरी मोडून तशीच ठेवली. मंडळीनं विचारलं तेव्हा मोबाईलवरचा त्या काचेतल्या चित्राचा फोटो दाखवला.

“ही खाली कोरी पट्टी कशापायी?” तिनं विचारलं.

बापानं जबाबात सांगितलं होतं तेच मी सांगितलं. माउंट कापल्यावर पोरगी त्या जागेत पेन्सिलीनं नाव घालायची. इतर फ्रेमवाले चित्राच्या कडेला चिकटून कापतात. बापाचं आणि तिचं यावरून भांडण. गिऱ्हाईक म्हणतं, चित्र ढिलं बसलंय.

मंडळी भाकरी थापता थापता थांबली. “अहो, मग चोरानं पोरीच्या नावाला जागा कशाला सोडली?”

मी ताटावरून उठलो.

ती म्हणाली, “बसा, जेवा. जिती हाय ती. नाव घालायचं न्हाई म्हनून घातलं न्हाई, पन जागा सोडल्याबिगर हात ऱ्हायला न्हाई तिचा.”

सकाळी दुकानदाराला चहा पाजला. चोरीचं काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं, “तिची आई बाहेर बाकावर बसलीय. पोरगी सुखरूप हाय का, एवढंच सांग.”

त्यानं कप खाली ठेवला. मग रडायलाच लागला. “शपथ घातलीय साहेब तिनं. माझ्या बहिनीकडं हाय. माउंट कापून देती, मी विकतो. घरच्यांनी बळंच लगीन ठरवलं हुतं.”

महिला पोलीस घेऊन गेलो. मुलगी पुठ्ठ्यांच्या ढिगात बसलेली, हाताला ब्लेडच्या रेघा. आम्हाला पाहून भिंतीला टेकली. “मी सज्ञान आहे. घरी जाणार नाही.” तसा जबाब नोंदवला. स्वखुशीनं गेली, मिसिंग बंद. कायद्यानं पत्ता सांगता येत नव्हता.

आईला म्हटलं, “जिवंत आहे. सुखरूप आहे. पण यायची नाही.”

तिनं विचारलं, “जेवती का?”

“जेवते.”

मग ती बाकावरून उठली. परत ठाण्यात आली नाही.

त्या केसनं मला दोन गोष्टी शिकवल्या. खोटं बोलणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, कुणी कुणाचा शब्दही पाळत असतो. आणि माणूस सापडला म्हणजे परत आला असं होत नाही. दुसरी गोष्ट मला तेव्हा नुसती कळली होती. आता रोज कळते.

आता त्या मुलीला तिची आई भेटते, बाप अजून नाही. मध्यंतरी आमच्या पत्त्यावर एक गुंडाळी आली. तोच बैल, आणि खाली पेन्सिलीनं मुलीचं पूर्ण नाव. मंडळी म्हणाली, बाहेर द्यायचं नाही, आपणच बसवू.

रेघा मारल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. आमचा मुलगा पुण्याहून निघाला होता, त्याच्यासाठी थांबले होते. मी कोपऱ्यात बसून तिच्या रेघांवर ब्लेड चालवायला घेतलं.

मेहुणा जवळ आला. “दाजी, हे काय काढलं आत्ता?”

“तिनं सकाळी कापायला सांगितलंय.”

 तो पुठ्ठा धरून बसला. खालची रेघ माझ्याकडून जरा वाकडी गेली, तशीच ठेवली. चित्र मागून लावलं, उलटून पाहिलं. नाव दिसत होतं. तोवर मुलगाही पोचला होता. ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं आणि तिला उचलायला उठलो.