काट्यानं गेलेली बोटं

माझ्या बापाच्या उजव्या पायाला अंगठा नाही, आणि अंगठ्याशेजारचं बोटही नाही. कशानं गेलं, तर काट्यानं गेलं. आमच्या घरात हे असंच सांगतात. शेंदूरजनाघाटला आमची संत्र्याची बाग आहे. तिथे कलमाच्या बुडाशी जंभेरीचे, म्हणजे ज्या रानलिंबावर संत्र्याचं कलम बांधतात त्याचे, फुटवे येतात, त्यांना हे एवढाले काटे. बाबा फुटवे छाटत होते, काटा चपलेतून आरपार गेला, जखम चिघळत गेली, आणि शेवटी अमरावतीच्या डॉक्टरांनी बोटं काढली. त्याच डॉक्टरांनी शुगर आहे म्हणून सांगितलं होतं, रोजची गोळीही दिली होती. पण परत येताना ती शुगर कुठंतरी एस्टीतच राहून गेली आणि घरी आला तो फक्त काटा. गोळीला आई रक्ताची गोळी म्हणू लागली. बाबांच्या चहात साखरेऐवजी गूळ पडायला लागला. गुळानं काही होत नाही, हे तिचं ठाम मत.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात माझी शुगर वाढलेली निघाली. मी आईला फोन केला तर म्हणते कशी, "आपल्या खानदानात कोनाले शुगर नाई. तुह्या सासरचं असन काई!"

मी हसले. फोन ठेवला आणि मग बराच वेळ स्वतःच्या पायांकडे पाहत बसले. खोटं कशाला सांगू, भ्याले होते मी.

बाळंतपण अमरावतीला झालं. मुलगी झाली, गुटगुटीत, रडायला खणखणीत. डॉक्टरीणबाईंनी मला स्पष्ट सांगितलं, की आता शुगर उतरेल, पण पुढे कधीही परत येऊ शकते. गोड बंद, रोज चालायचं, दीड महिन्यानं तपासणी. मी मान डोलावली. मनात म्हटलं, माझी दहाच्या दहा बोटं मी राखणार, मग कोणाला राग येवो नाहीतर लोभ.

राग आईलाच आला. मी मुलीला घेऊन माहेरी पोचले तर घरभर डिंक तळल्याचा वास. डिंक, मेथी, खारीक, खोबरं, घरचं तूप आणि गूळ. मुठीएवढे लाडू तिने एकटीने वळले होते, गुडघे धरून धरून.

"गुळाचे हायेत," ती म्हणाली. "साखरीचा दाना नाई त्यात. खाय बिनधास्त."

"आई, गूळ पण गोडच असतो."

"अवं, बाळंतीन लाडू नाई खानार त मंग कोन खाईन? कंबर धरन तुही. पोट्टीले दूध कशानं येईन?"

दूध येत होतं. पोरगी पिऊन तर्र होऊन झोपत होती. मी ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, घट्ट वरण, अंडी असं पोटभर जेवत होते. पण आमच्याकडे बाळंतिणीनं काय खाल्लं हे कोणी विचारत नाही, लाडू खाल्ला का एवढंच विचारतात. बाळ पाहायला येणारी प्रत्येक बाई आधी बाळाकडे पाही आणि मग माझ्या ताटाकडे. आई त्यांच्यासमोर पदर डोळ्याला लावी. "दवाखान्यातून येडं भरून पाठोलं हो पोरीच्या डोक्यात."

आणि गंमत पाहा. बागेत संत्रं तोडणीला आलेलं, अंगणात ढीग लागलेले, आणि बाळंतिणीला संत्रं बंद! का, तर थंड. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या लाडू नको, एखादं संत्रं चालेल. आई म्हणे लाडू चालेल, संत्रं नको. मी एक संत्रं उचललं, आईच्या समोर उभं राहून सोललं आणि बियांसकट तोंडात टाकलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यावर कडी म्हणजे मी चालायला लागले. सव्वा महिना व्हायच्या आधी बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो. मी सकाळी ऊन वर आलं की कानाला स्कार्फ बांधायची, पोरीला आईच्या मांडीवर द्यायची आणि बागेत झाडांच्या ओळीतून फेऱ्या मारायची. पहिल्यांदा एका ओळीतच दमले. टाके ओढत होते, डोळ्यापुढे अंधारी आली, झाडाला धरून उभी राहिले आणि रडले. मग डोळे पुसले आणि जपून परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, थोडंच चालले, पण गेले. तोडणीच्या बाया टोपल्या खाली ठेवून पाहायच्या.

"काहून व, घरात करमत नाई काय?" एकीनं विचारलं.

"पाय हायेत म्हून चालून राहिली," मी म्हटलं. बाया खो खो हसल्या.

आईला हसू आलं नाही. "वारं लागन तुले. जनमभर डोकं दुखन, तवा मले सांगू नोको."

अकोल्याहून नवऱ्याचा फोन यायचा. चांगला माणूस आहे, पण भांडणाच्या वासानंच त्याला घाम फुटतो. म्हणाला, "एखादा खाऊन टाक ना. त्यांचं मन राहील."

"त्यांचं मन राहील आणि माझा पाय जाईल. तुला कोणतं चालेल ते सांग."

तो हळूच म्हणाला, "नको खाऊस." तेवढं म्हणाला ते बरं केलं.

बारसं झालं, आणि मला अकोल्याला न्यायला गाडी आली. आमच्याकडे लेक बाळ घेऊन सासरी निघाली की तिच्यासोबत लाडवांचा डबा जातो. सासरच्या आळीत तो वाटला जातो, आणि डब्यावरून माहेराची किंमत होते. आईनं नवीन स्टीलचा डबा आणला होता, काठोकाठ भरला होता, वर पातळ धोतराचा तुकडा बांधला होता. तिने तो माझ्या पुढ्यात ठेवला. मी म्हटलं, "हा मी नेणार नाही."

आईचा चेहराच उतरला. मग एकदम भडकली. "काहून? माह्या हाताले जहर लागलं हाय काय? लोकं काय म्हनतीन, मायनं पोरीले रिकामं पाठोलं?"

माझंही डोकं फिरलं. नवरा दारात, बाबा ओसरीवर पाय पसरून बसलेले, मांडीवर नात. मी पिशवीतून शुगर तपासायचं मशीन काढलं. गरोदरपणात घेतलेलं होतं.

"खाते," मी म्हटलं. "तुझ्यासमोर खाते, डबाही नेते. पण आधी तुझं बोट दे."

"घे! घे, काढ रगत! मले काई झालं नाई."

मी नवी सुई लावली, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. मशीनवर आकडा आला. तो मला चिंता करायला लावणाराच होता, अगदी जेवण झाल्यानंतरचा धरला तरी. मी तिला मशीन दाखवलं.

"बिघडलं हाय मशीन," आई म्हणाली.

मी सुई बदलून माझं बोट टोचलं. माझा आकडा बरोबर आला.

"मंग मंघा चहा घेतला होता म्या. गुळाचाच होता तो," ती म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

तेवढ्यात ओसरीवरून बाबा बोलले. माझे बाबा घरात फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "काटा नोता तो."

आई वळली. "काय म्हन्ले?"

"शुगरच होती. डॉक्टरनं मले तवाच सांगतलं. काटा त निमित्त." त्यांनी नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "तू काटा म्हनत होती, त मले बी बरं वाटे. शुगरवाला म्हनून घेन्यापरीस."

आई डब्याजवळ खाली बसली. मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही, नुसता राग आला, त्या काट्याचा, गुळाच्या चहाचा, रक्ताच्या गोळीचा. मी ठरल्याप्रमाणे डब्याचं धोतर सोडलं आणि लाडू उचलला. शब्द तर दिला होता ना.

आईनं माझं मनगट धरलं. "ठेव तो," ती म्हणाली. "ठेव म्हन्लं ना."

मी लाडू परत डब्यात ठेवला. डबा शेंदूरजनाघाटलाच राहिला. पुढच्याच आठवड्यात बाबा तिला अमरावतीला दवाखान्यात घेऊन गेले, आणि आता दोघांच्या गोळ्या एकाच डबीत असतात.

अकोल्याला गाडीतून उतरले तेव्हा सासूबाई, मी त्यांना मामीजी म्हणते, ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीचे मुके घेतले, आणि मग माझ्या मागं गाडीच्या डिकीत पाहिलं. तिथे फक्त संत्र्यांचं पोतं होतं.

"डबा कुठं हाय?"

शेजारच्या दोघीजणी कान देऊन उभ्या. मी आवाज जराही कमी केला नाही. "डबा नाही आणला, मामीजी. आमच्या खानदानात शुगर आहे."

मामीजींनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. "अवं बाई, हळू बोल! असं कोनाले सांगत असते काय? पोट्टीचं लगन जमवाचं हाय पुढं!"

पोट्टी अजून मान धरत नव्हती.

मी त्यांचा हात बाजूला केला. "जमेल नाहीतर नाही जमणार. पण जमलंच, तर सप्तपदीला सात पावलं चालावी लागतात, मामीजी. त्याला पायाची बोटं लागतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला त्यांच्या मांडीवर दिलं, बूट घातले आणि कृषी विद्यापीठाच्या रस्त्याला चालायला निघाले.