खासदारांनी दिलेलं मत

२००८च्या मंदीत दुबई मरीनामधल्या टॉवरांचं काम ज्या आठवड्यात थांबलं, त्याच आठवड्यात त्यांच्यासाठी बनवलेल्या खिडक्या अंबादास खापर्डेंच्या कारखान्यात जागच्या जागी राहिल्या. दुबईच्या इन्व्हेस्टमेंट्स पार्कात त्यांचा ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना होता. माल भारतात पाठवावा, तर तिथल्या आयातशुल्काने भाव हाताबाहेर जायचा. भारत आणि आखाती देशांत व्यापारकराराची बोलणी चालू होती. करार झाला तर शुल्क उतरेल आणि कारखाना जगेल, एवढाच हिशोब त्यांनी धरला होता.

अशात मराठी मंडळाने गावाकडच्या एका खासदारांना पाहुणे म्हणून बोलावलं. मंडळात मानपत्र लिहायचं काम ज्याची पाहुण्याकडे गरज असेल त्याच्याकडे जाई. त्यातलं कोणी तपासत नसे. या वेळी ते अंबादासांकडे आलं. माहितीसाठी त्यांनी खासदारांच्या पीएला, रुपेशला, फोन लावला.

"साहेबांनी आखाती कराराला मत दिलं असेल ना?"

"दिलंच असणार की, काका. लिहा बिनधास्त."

अंबादासांनी लिहिलं, 'आखाती कराराच्या बाजूने निर्भीडपणे मत देणारे लोकप्रतिनिधी.' शाल-श्रीफळ झालं, मानपत्र वाचून झालं. खासदार बोलायला उभे राहिले. "दबाव फार होता. पण मत देताना डोळ्यांपुढे तुम्ही दुबईकर होतात. आता फक्त सही उरलीय." टाळ्या पडल्या. स्वतः लिहिलेलं वाक्य अंबादासांना साहेबांच्या तोंडून ऐकू आलं आणि त्यांच्या मनातली उरलीसुरली शंका गेली.

पुढच्याच महिन्यात इद्रीस नावाचा एक धंदेवाला कारखाना बघून गेला. लायसन्स, मशीनं, कामगार, सगळ्यासकट चार लाख दिरहम द्यायला तो तयार होता.

"म्हणजे आपले पन्नास लाख," त्यांची बायको लतिका म्हणाली. "द्या आणि मोकळे व्हा."

"अगं, आपल्या माणसाने मत दिलंय. सहीपुरता प्रश्न आहे. आत्ता विकायला मी खुळा आहे का?"

"तो तुमचा माणूस कधीपासून झाला? जेवायला बोलावलं तर कोळंबी नाही म्हणून तोंड वाकडं केलं त्याने."

खासदारांच्या मताचं कारण सांगून इद्रीसला नकार गेला. दीड वर्ष सहीची वाट बघण्यात गेलं. कामगार एकेक करून गावी परतले. भाडं मात्र थांबलं नाही.

त्यांच्या मुलीला, पर्णिकाला, कॉलेजात भारतीय संसदेवर प्रोजेक्ट होतं. अल नहदाच्या फ्लॅटमध्ये जेवताना अंबादास तिला म्हणाले, "आपल्या साहेबांचं मत घाल त्यात. आखाती करारावरचं."

दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, देअर वॉज नो व्होट."

"नीट बघ. निघून गेलं असेल नजरेतून."

"नो, बाबा. असे ॲग्रीमेंट्स सरकार साइन करतं. पार्लमेंट डझन्ट व्होट ऑन देम. ॲट ऑल."

 लतिकाने आमटीचं पातेलं उचलून आत नेलं. अंबादासांनी ताटावरूनच रुपेशला फोन लावला.

"मतदान त्याच्यावर होतच नाही, काका," रुपेश म्हणाला. "तुम्ही एवढे धंदेवाले. मला वाटलं, माहीत असेल तुम्हाला."

"मग साहेब भाषणात बोलले ते?"

"मानपत्रात तुम्हीच लिहिलं होतं ना? साहेबांना फार आवडलं ते वाक्य. प्रचाराच्या पत्रकातही घेतलंय."

अंबादासांनी इद्रीसला बोलावून घेतलं. इद्रीसने तोवर अजमानमध्ये दुसरा कारखाना घेतला होता. "वो बात तो खलास, हबीबी," तो म्हणाला. मशीनं तेवढी न्यायला तयार होता, तीही भंगाराच्या भावाने, वजनावर. अंबादासांनी घासाघीस केली नाही.

तो मशीनं न्यायला आला त्या दिवशी लतिकाही चाव्या द्यायला आली होती. माणसं बोल्ट सोडवत होती. इद्रीसने सहज विचारलं, "वो आपके एमपी साहब? उन्होंने तो वोट दिया था ना?"

लतिकाने नवऱ्याकडे पाहिलं.

"दिया था," अंबादास म्हणाले. "ऊपरवालों ने साइन नहीं किया."

"ऐसा ही होता है," इद्रीस म्हणाला आणि त्याने पहिलं मशीन ट्रकवर चढवायला सांगितलं.