चार नंबरची गाडी पाण्यात

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी सांगलीत एका तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि हौशी रेडिओचा परवाना मिळून मला जेमतेम वर्ष झालं होतं. सकाळी साडेसहाला एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात माइक. पलीकडून साताऱ्याचे एक निवृत्त सुभेदार बोलायचे आणि माधवनगरचा एक वायरमन. सुभेदारांची सगळी नोकरी फौजेच्या सिग्नल विभागात गेलेली. आता ऊस आणि रेडिओ, दोनच नाद. वायरमन कापडगिरणीत कामाला होता, पण त्याचा जीव तारांपेक्षा बिनतारीत जास्त.

एका सकाळी सुभेदार म्हणाले, "बाई, कोयनानगरला पोरं गाड्यांची शर्यत घेत्यात. मोटारसायकली आनि जिपा. रानातनं, तलावाच्या कडंनं. कोन कुटं आडाकलं ते कळायची सोय न्हाई म्हणत्यात. मी सांगून बसलोय, आमी करतो म्हणून."

"काय करतो?"

"ते आता तुमी सांगायचं."

मला इतका आनंद झाला की चहा सांडला. युक्ती तशी सोपी होती. प्रत्येक गाडीवर एक छोटा ट्रान्समीटर बसवायचा. तो दर मिनिटाला आपल्या गाडीचा आकडा मोर्समध्ये वाजवणार. दोन डोंगरांवर दोघांनी दिशा दाखवणारा अँटेना घेऊन उभं राहायचं, आवाज सर्वांत मोठा कुठून येतो ते बघायचं आणि नकाशावर त्या दिशेनं रेघ ओढायची. दोन रेघा छेदतील तिथं गाडी.

महिनाभर आम्ही वेड्यासारखे राबलो. अँटेना पडद्याच्या अॅल्युमिनियम नळ्यांचा. ट्रान्समीटर साबणाच्या डब्यांत. वायरमननं पहिला डबा स्वतःच्या मोटारसायकलीला बांधला आणि खडीच्या रस्त्यानं फेरी मारून आला, तर आतल्या तारांचे तीन टाके निखळलेले. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची गादी करून डबा त्यात गुंडाळला. दुसरी अडचण अँटेनाची. हातभर तांब्याची तार उभी करायची, पण तिच्याखाली सपाट पत्रा हवा, तरच आवाज लांब जातो. जीपला बॉनेट असतं. मोटारसायकलीला काय?

"ताट," वायरमन म्हणाला.

मी घरातून स्टीलची पाच ताटं काढली. आई दारात आडवी उभी राहिली. "गाड्यांना जेवायला वाढणार आहात का?" मी म्हटलं, "साधारण तसंच." तिनं लग्नात आलेलं, नाव कोरलेलं ताट तेवढं काढून घेतलं आणि बाकीची दिली.

शर्यतीच्या सकाळी कोयनानगरच्या कॉलनीतल्या मैदानावर आम्ही चार मोटारसायकलींच्या कॅरियरला ताटं बांधली, तेव्हा हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. दोन जिपांचे चालक मात्र बॉनेटवर हुबेहूब मंत्र्याच्या गाडीसारखी तार आली म्हणून छाती काढून उभे होते. एकानं तारेच्या टोकाला लिंबू-मिरची टोचली. मी काढायला सांगितली, तर म्हणाला, "आवं ताई, तुमच्या लहरीस्नी दृष्ट लागंल." लिंबू राहिलं. मिरच्या मी काढल्या.

चार नंबरच्या मोटारसायकलीवर सुट्टीला आलेला एक जवान होता. पाटणकडचा, उंचापुरा, तोंडात सतत हसू. मी त्याच्या ताटाचा नट आवळत असताना त्यानं विचारलं, "ह्यातनं खरंच कळतं व्हय, मी कुटं हाय ते?"

"कळतं."

"लय भारी," तो म्हणाला. पण त्याला ते पटलेलं नाही हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

वायरमन समोरच्या डोंगरावर गेला. मी आणि सुभेदार कॉलनीमागच्या टेकडीवर. मी अँटेना फिरवायची, सुभेदार होकायंत्र बघून रेघ ओढायचे, वायरमन आपली दिशा वॉकीटॉकीवर सांगायचा. पहिल्या रेघा छेदल्या आणि तिथं खरोखरच धुळीचा लोट उठलेला दिसला, तेव्हा मी टेकडीवर उड्या मारल्या. सुभेदारांनीही एखादी मारली असती, पण गुडघा आड आला. मध्येच कोयनेला नेहमी बसतो तसा भूकंपाचा एक हलका हिसका बसला आणि नकाशावरची पेन्सिल घरंगळली. सुभेदार म्हणाले, "आता एक नंबरची गाडी बघा," आणि ती उचलली.

तासाभरानं चार नंबरची पाळी आली. डिडिडिडिडा. चार आखूड, एक लांब. मी दिशा सांगितली. वायरमननं त्याची सांगितली. सुभेदारांनी रेघ ओढली आणि पेन्सिल तिथंच टेकवून ठेवली.

"काय झालं?"

"गाडी पाण्यात हाय."

मी नकाशावर वाकले. रेघा तलावाच्या एका फाट्याच्या मधोमध छेदत होत्या. सभोवार निळं. कडेच्या रस्त्यावरून घसरून सरळ खाली गेला असेल तर?

"दगडावर आपटून आवाज फिरला असेल," मी म्हटलं. "डोंगरात होतं असं."

"दोघांचा बी फिरला? एकाच जागी?"

पुन्हा घेतलं. पुन्हा पाणीच, पण जरा पुढं. सुभेदारांनी मिशीवरून बोट फिरवलं. "बाई, बुडालेली गाडी वाजत न्हाई."

"नाही."

"आनि पुढं सरकत बी न्हाई."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. पाच मिनिटांनी तिसरी खूण. तिन्ही खुणा एका ओळीत, गोगलगाईच्या चालीनं, कॉलनीच्या दिशेनं. सुभेदारांच्या खांद्यांना आधी कंप सुटला, मग पोटाला, मग ते खालीच बसले. "नाव!" एवढंच त्यांना बोलता आलं. "गडी नावंत बसलाय!" मला हसताना उचकी लागली. वॉकीटॉकीवर वायरमन बिचारा ओरडत होता, "अहो, काय झालं? पाण्यात कोण पडलं?" आणि आम्हा दोघांना उत्तर देता येईना.

आम्ही टेकडी उतरून मैदानावर आलो. थोड्या वेळानं चार नंबर फर्रकन आला, सगळ्यांत पहिला. कपड्यांवर धुळीचा कण नाही. हात वर करून त्यानं मैदानाला एक फेरी मारली. टाळ्या पडल्या. सुभेदार पुढं झाले आणि फौजेच्या आवाजात कडाडले, "जवान, सावधान!"

तो गाडीवरून उतरून ताठ झाला.

"नावंत किती लोक व्हते?"

त्याचा चेहरा असा पडला की मला पुन्हा उचकी लागली. "मी, मामा आनि दोन शेळ्या, साब." मग हळूच, "तुमास्नी कसं कळलं, साब? तलावावर तर चिटपाखरू नव्हतं."

क्लचची तार तुटली, काठाला मामाची नाव दिसली, तलावाचा अख्खा वळसा वाचणार होता, आणि मोह आवरला नाही. नावेत बसल्या बसल्या त्यानं तार जोडली. सगळं त्यानं न लपवता सांगितलं. शर्यतीतून त्याचं नाव अर्थातच काढलं. पण बक्षीस मिळालेल्या जीपकडं त्या दिवशी कुणी फिरकलं नाही. सगळं मैदान साबणाच्या डब्याभोवती. जवानच सगळ्यांना समजावत होता, "पाण्यातबी घावतो मानूस ह्यात. मी सोता घावलोय."

वायरमन धापा टाकत पोहोचला तेव्हा निम्मं मैदान रिकामं झालं होतं. तो माझ्यावर इतका रागावला होता की पाणीही घेईना. परत जायला सुभेदारांच्या जीपमध्ये बसल्यावर आम्ही त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाटण यायच्या आत त्यानं दुसऱ्यांदा सांगायला लावलं. शेळ्या आल्या की तो म्हणायचा, "थांबा, थांबा, इथून परत," आणि सुभेदार स्टिअरिंगवर थाप मारून परत सुरू करायचे.