शिवबाईचे दात आणि काळे मोती

चौऱ्याहत्तर साली म्हाताऱ्या पारखी सिद्धलिंगप्पांचे उरलेले दोन दात पडले आणि सोलापूरच्या सराफ कट्ट्यावर गुरुबसप्पांच्या दुकानात मोती पारखायला कुणी उरलं नाही. खरा मोती दातावर घासला की कचकचतो, काचेचा गुळगुळीत सरकतो. अप्पांनी कवळी बसवून पाहिली, पण कवळीला काच काय अन् भाकरी काय, सगळं सारखंच.

दुकानाच्या पायरीवर उन्हात बसून वीस वर्षं मोती ओवणाऱ्या शिवबाईचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. गुरुबसप्पा म्हणाले, "अप्पा, हिला शिकवा. आठ दिवसांनी हैदराबादचा व्यापारी काळे मोती घेऊन येतोय. पारख जमली तर आत गादीवर बसवतो. न्हाय तर पायरी हायच."

गादीवर पंखा होता. शिवबाईला दुसरं काही सांगावं लागलं नाही.

रोज दुपारी जेवून, चूळ भरून ती शिकायला बसे. अप्पा सांगत, काळा मोती म्हणजे कोळसा नव्हे. उजेडात फिरवला की मोराच्या मानेसारखी हिरवट-जांभळी झाक हलली पाहिजे. रंगवलेला असला तर भोकाच्या तोंडाशी रंग साचतो. "आधी दातावर घे. हलक्या हातानं. हाडूक न्हाय ते."

व्यापारी आला तो सकाळीच. फडक्यावर पाच मोती मांडले. शिवबाईनं एकेक दातावर घासला. पाचही कचकचले. भोकं बघायचं ती आनंदात विसरलीच.

"समदे खरे हायत, मालक."

व्यापारी इतका खूश झाला की त्यानं स्वतःहून सगळ्यांना चहा सांगितला. व्यापाऱ्यानं चहा पाजलेला अप्पांनी जन्मात पाहिला नव्हता.

"शिवबाई, तोंड उघड." दात काळेकुट्ट. "मिश्री लावलीस व्हय?"

"लावली की. रोजच लावते. आज मोठं काम हुतं, म्हणून दोनदा."

भाजलेल्या तंबाखूची ती भुकटी दातांत असताना लोणीसुद्धा कचकचलं असतं. पैसे द्यायला काढलेली तिजोरीची किल्ली गुरुबसप्पांनी पुन्हा कनवटीला खोचली. शिवबाईनं पायरीवर जाऊन तांब्याभर पाण्यानं खळखळून चुळा भरल्या, पदरानं दात पुसले आणि परत येऊन बसली.

पहिले तीन सरकले. चौथा कचकचला, पण भोकापाशी शाईसारखी कड होती. पाचवा सगळ्यांत लहान, जरा वाकडा. तो उजेडात फिरवला आणि मोराची मान हलली.

"ह्यो एकच खरा. चौथा रंगवलाय. तिन्ही काचा तुमच्या घरी गोट्या खेळायला न्या."

चहा आला तेव्हा व्यापाऱ्याची पिण्याची इच्छा राहिली नव्हती. त्याचा कप शिवबाईनं गादीवर बसून प्यायला.

गुरुबसप्पांनी अट घातली, मिश्री बंद. शिवबाई म्हणाली, "दुपारपतूर दात तुमचे, मालक. मग माझे."

पुढं कितीतरी वर्षं गिऱ्हाईकं त्या दुकानातले "खात्रीनं तपासलेले" मोती कौतुकानं नेत राहिली. खात्री कुणाच्या तोंडातली, हे कुणी विचारलं नाही. आणि बारा वाजले की शिवबाई पंखा सोडून त्याच तापलेल्या पायरीवर जाऊन बसे, कमरेची डबी काढी आणि डोळे मिटून मिश्री लावी.