बंद खात्यावरची अक्षरं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्यात माजिवड्याजवळच्या एका छोट्या कंपनीत कामाला होते. आम्ही एक सॉफ्टवेअर बनवायचो. ते कारखान्यांच्या नेटवर्कवरून जाणारा-येणारा मजकूर वाचायचं आणि कुणी चोरवाटेनं शिरतंय असं दिसलं की डेटाबेसमध्ये नोंद करायचं. माझी आई शेजारच्या काकूंना सांगायची, "ती कॉम्प्युटरची पोलीस आहे." मला ते आवडायचं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कारखान्यात आम्ही ते बसवलं आणि थोड्याच दिवसांत तक्रार आली. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते गोठतं. स्क्रीन हलत नाही, मजकूर वाचायचा राहून जातो, आणि सुट्टी संपली की आपोआप ठीक होतं. मला पाठवलं.

तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख पन्नाशी उलटलेले, हळू आणि नेमकं बोलणारे होते. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्यांच्या थंडगार खोलीत बसून मी दोन दिवस मेमरी बघितली, डिस्क बघितली, नेटवर्कचं कार्ड बदललं. सुट्टीची घंटा झाली की पाच-दहा मिनिटांत सगळं पुन्हा गोठायचं.

तिसऱ्या दिवशी मी डेटाबेस उघडला आणि दोष माझाच निघाला. बाकीच्या नोंदी नुसत्या शेवटी जोडल्या जायच्या. पण मी एक नियम लिहिलेला: बंद केलेल्या खात्यातून कुणी आत यायला बघितलं तर त्याचं एकेक अक्षर टिपायचं, आणि तशीच नोंद आधी झालीय का ते दर अक्षराला शोधायचं. त्या टेबलला इंडेक्सच, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, केलेला नव्हता. म्हणजे एका अक्षरासाठी लाखो ओळी पहिल्यापासून वाचल्या जात होत्या. मी इंडेक्स केला. त्या दुपारी घंटा झाली आणि काहीच गोठलं नाही.

"झालं साहेब," मी म्हणाले.

पण आता स्क्रीन चालू राहिल्यामुळे, इतके दिवस जे आम्हाला दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. बंद खात्यावर कुणीतरी पासवर्ड टाइप करत होतं, आत्ता, आमच्या डोळ्यांसमोर. एक अक्षर आलं. मग बराच वेळ काही नाही. दुसरं आलं. ते खोडलं. पुन्हा तेच आलं. चोरी करणारे प्रोग्रॅम शेकडो शब्द एका दमात फेकतात, हे मी पाहिलेलं होतं. हे तसं नव्हतं. हे आठवून आठवून चाललेलं.

साहेबांनी खात्याचं नाव वाचलं आणि चष्मा काढला. "हे खातं मी स्वतः बंद केलंय. आमच्या लॅबमधले गृहस्थ. चार महिन्यांपूर्वी वारले."

"कुठल्या मशीनवरून येतंय?"

त्यांनी पत्ता वहीत शोधला. बोट ओळीवर टेकवलं. "त्यांच्याच," ते म्हणाले.

मी जुन्या नोंदी काढल्या. रोज त्याच वेळी, तेच खातं, आणि दर वेळी नवा शब्द. एका देवीचं नाव. एका गावाचं. एक लाडाचं नाव, मुलीचं असावं. मेलेला माणूस स्वतःचाच पासवर्ड विसरलाय आणि आत यायला धडपडतोय, असं मला खरंच वाटून गेलं. आज लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. आणि आमच्यासमोर अजून एक अक्षर उमटलं.

"ते मशीन आहे कुठे?" मी विचारलं.

"जुन्या रेकॉर्ड रूममध्ये ठेवायला सांगितलं होतं. तिथे कुणी बसत नाही."

आम्ही दोघंही खाली गेलो. रेकॉर्ड रूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत फायलींचे गठ्ठे, आणि त्यांच्या मागे कीबोर्डचं एक 'खट्', मग शांतता, मग पुन्हा एक 'खट्'. साहेबांनी दार ढकललं.

एक बाई एका बोटानं टाइप करत होत्या. शेजारी न उघडलेला डबा. आम्हाला बघून ताडकन उभ्या राहिल्या.

"वहिनी, तुम्ही?" साहेबांनी विचारलं. मग त्यांनी मला सांगितलं, "त्यांच्या मिसेस."

नवऱ्याच्या जागी बाईंना कारखान्यानं कामावर घेतलं होतं. रुजू होऊन पंधराच दिवस झालेले. साहेबांना कुणी कळवलंच नव्हतं. मशीन कुणाचं ते बाईंनी कडेला चिकटवलेल्या नावावरून ओळखलेलं.

"माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं. "ते म्हणालेले, मी सगळं कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवलंय. काय ते विचारायचं राहूनच गेलं."

खातं बंद होतं, त्यामुळे बरोबर शब्द टाकला तरी मशीन 'चूक' म्हणणार होतं. हे त्यांना मलाच सांगावं लागलं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

साहेबांनी खातं बंद करण्याआधीची बॅकअपची टेप शोधून काढायला दोन दिवस घेतले. खात्यात तीनच फायली निघाल्या. दोन रंगांच्या चाचण्यांच्या. तिसरं पत्र, दिवा गावातल्या त्यांच्या सोसायटीला, अर्धवट. पाणी वरच्या मजल्यावर चढत नाही, माझी पत्नी रोज तीन जिने हंडे वाहते, तिच्या पाठीला त्रास आहे, तरी कृपया. तिथेच थांबलेलं. बाईंनी प्रिंट उभ्यानंच वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाल्या, "मला कधी बोलले नाहीत, पाठ दुखते ते यांना कळतं म्हणून."

त्याच टेपवर त्यांच्या पासवर्डची सांकेतिक रूपातली नोंदही होती. मी कुणाला न विचारता बाईंचे सगळे शब्द तिच्याशी ताडून पाहिले. एक जुळला. त्यांनी तो अगदी सुरुवातीला, दुसऱ्याच दिवशी टाकलेला.

सांगू की नको, असं घोळत मी निघेपर्यंत थांबले. गेटपाशी त्या भेटल्या तेव्हा सांगितलं, कुठला शब्द तेही.

त्या घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. "हो," म्हणाल्या. "तो टाकला तेव्हा मला वाटलेलं, दार उघडेल. मग म्हटलं, आपलाच भ्रम."

ठाण्याला परतल्यावर मी तो नियम बदलला. बंद खात्यावर कुणी आलं एवढंच आता लिहिलं जायचं, काय टाइप केलं ते नाही. वरिष्ठांनी कारण विचारलं. मी म्हणाले, डेटाबेसवर ताण येतो.